अधिरथाचं वाक्य

आमची लेक न्यू जर्सीच्या घरी आली, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं थोड्याफार फरकानं एकच गोष्ट सांगितली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "देवानंच ती तुमच्यासाठी राखून ठेवली होती गं." शेजारच्या अमेरिकन आजी नेमानं चर्चला जाणाऱ्या. त्यांनीही माझा हात हातात घेऊन हेच सांगितलं, देव तेवढा त्यांचा. कुणी ऋणानुबंध म्हणालं, कुणी माझ्या उपासतापासांचं फळ. सगळे मायेनं बोलत होते आणि मला ते ऐकायला हवंही होतं. मूल होणार नाही हे पचवायला ज्या बाईला वर्षं लागली, तिला देवानं आपली आठवण ठेवली याहून गोड काय वाटणार? तरी ते वाक्य मी स्वतः कधी उच्चारू शकले नाही. त्याला कारण तिच्या फायलीतलं एक कात्रण.

भारतातून परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलाची फाइल जाडजूड असते, आणि असावीच. परदेशी दत्तकाच्या नावाखाली गैरव्यवहार चालतात, अशी पत्रानं तक्रार करणाऱ्या एका वकिलामुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले: आधी देशातलं घर शोधा, मगच बाहेर पाहा. पुढे १९९३ चा हेग करार झाला, २००३ मध्ये भारतानं तो स्वीकारला. आमचा जीव मात्र त्या कागदांनी मेटाकुटीला आला होता. होम स्टडी, बोटांचे ठसे, दत्तकाचं काम पाहणाऱ्या 'कारा' या केंद्रीय संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र, मग व्हिसा. फोटो हातात आलेला असतो, त्याच्याशी आपण बोलायला लागलेले असतो, आणि मूल तिकडे आपल्यावाचून चालायला-बोलायला शिकत असतं. एका ईमेलनं दिवस उजळायचा, दुसऱ्यानं जेवण जायचं नाही.

त्या फायलीत ते कात्रण होतं. सापडलेल्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात द्यावा लागतो. छपाईत काळवंडलेला चेहरा, खाली अंदाजे वय, अंगावर पिवळं झबलं असल्याची नोंद, मराठवाड्यातल्या एका एसटी स्टँडचं नाव आणि नातेवाइकांनी संपर्क साधावा ही विनंती. शेजारी बोअरवेलची जाहिरात, अर्धी कापली गेलेली. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर दोन महिन्यांत चौकशी पुरी करून त्याला दत्तक देण्यास मोकळं ठरवतात. तेवढ्या काळात कुणी आलं नाही, म्हणून ती आमची होऊ शकली.

तिला जन्म देणाऱ्या बाईनं तो अंक पाहिला असेल का? तिला वाचता येत होतं का? तिनं सोडलं, की तिला सोडायला लावलं? देवानं ही मुलगी आमच्यासाठी राखून ठेवली म्हणायचं, तर त्या बाईला स्टँडपर्यंत त्यानंच चालवत आणलं, असंही म्हणावं लागेल. तिची भूक, तिची भीती, तिच्यावर आलेली वेळ, हे सगळं कशासाठी, तर माझ्या घरात पाळणा हलावा म्हणून! अशा देवापुढे मला हात जोडता येत नाहीत. माझी श्रद्धा आहे, रोज दिवा लावते, आणि म्हणूनच हा आरोप मी त्याच्यावर करणार नाही.

यात मला आधार मिळाला तो महाभारतातल्या वनपर्वाचा. कर्णाची गंगेतून वाहत आलेली पेटी अधिरथानं उघडली, आत बाळ पाहिलं आणि तो राधेला म्हणाला, की मी निपुत्रिक, देवांनीच हा मुलगा मला दिला. सासूबाईंचंच वाक्य! पण व्यासांनी ते लिहिण्याआधी आपल्याला कुंतीपाशी उभं केलेलं असतं. अश्वनदीत पेटी सोडताना ती रडते, पाण्यातल्या नि आकाशातल्या सगळ्यांकडे बाळाचं रक्षण मागते. जी बाई तुला मुलगा म्हणून जवळ घेईल, तहानेला तू जिच्या अंगावर पिशील, ती धन्य, असंही म्हणते. अधिरथाला यातलं काही ठाऊक नाही, त्याचा आनंद खराच आहे. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही ठाऊक असतं. व्यास अधिरथाला खोडून काढत नाहीत आणि कुंतीला विसरूही देत नाहीत. मला दत्तकाबद्दल याहून सच्चं काही कुठे सापडलेलं नाही.

आपल्या शास्त्रानं मात्र वेगळी वाट धरली. मनूच्या मते दत्तक मुलाला जन्मदात्याचं गोत्रही नाही आणि धनही नाही. १९५६ च्या कायद्यानं दत्तहोमाची सक्ती ठेवली नाही, तरी आमच्या ओळखीतले एक गुरुजी तो करून घ्या म्हणत होते. आम्ही नाही केला. मागचं सारं तोडून मुलगी घ्यायची नव्हती. कुराणात सांगितलंय, की अशा मुलांना त्यांच्या बापाच्याच नावानं ओळखावं, तेच अधिक न्यायाचं. मला ते फार पटलं. पण तिच्या बाबतीत नावच कुणाला माहीत नाही.

आमच्या लेकीपासून सुटली ती फक्त आई नव्हे. संस्थेतल्या ज्या मावशींनी तिला वाढवलं, त्या निघायच्या दिवशी तिला नवा फ्रॉक घालताना बटणं लावीत होत्या आणि नाक पुसत होत्या. आम्ही मूल घरी नेत होतो, ती घर सोडत होती. इथे आल्यावर ती मलाही 'मावशी'च म्हणायची. रडायची नाही. "किती शहाणी!" म्हणून लोक कौतुक करीत, पण मला त्या शहाणपणाची धास्ती वाटे. तीन वर्षांचं पोर पडतं, गुडघा फुटतो, आणि ते कुणाकडेही न बघता उठून चालायला लागतं! रात्री उशीखाली हात घातला, की पोळीचा वाळका तुकडा लागायचा, चौकोनी घडी घातलेला. मी तो काढला नाही. शेजारी एका डब्यात ताजी पोळी ठेवू लागले आणि डबा तिचाच, असं सांगितलं. मग एके दिवशी टीव्ही बंद केला म्हणून ती माझ्यावर चिडली, पाय आपटले आणि पाठ फिरवून म्हणाली, "आई, मी तुझ्याशी बोलनारच नाही!" रुसायला आपलं माणूस लागतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता ती आठ वर्षांची आहे. कर्णाची गोष्ट तिनं मागून घेतली, कारण पेटीतलं बाळ तिला कुठूनतरी कळलं होतं. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, तेव्हा कर्ण सांगतो, की राधेला माझ्यासाठी पान्हा फुटला, तिनं माझं हगमूत काढलं. तिथे लेक खुदकन हसली. मग गंभीर झाली.

"कुंतीला कळलं का, तो नीट आहे म्हणून?"

"कळलं. तिनं हेरांकडून माहिती काढली होती."

"माझ्या आईला कोण सांगणार?"

मी तिला खरं ते सांगितलं, की आत्ता कुणी नाही. नियमांत मूळ शोधायची तरतूद आहे. मोठी झालीस आणि तुला वाटलं, तर अर्ज करू, संस्थेत जाऊ, त्या स्टँडवरही जाऊ. काही सापडेल याची खात्री नाही, हेही सांगितलं. तिनं विचारलं, बाबाही येतील का. म्हटलं, येतील.