परतफेड कोणाची?

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ साली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम काढून गरीब मुलांना प्रवेशपरीक्षेसाठी विनामूल्य शिकवायला आरंभ केला. अशी मदत जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या एखाद्या महादेव कोळ्याच्या मुलाला मिळाली, की लोक लगेच विचारतात, ‘डॉक्टर होऊन हा गावी परतेल ना?’

प्रश्न रास्त आहे. डोंगराला डॉक्टर हवाच. पण तो एकट्या त्यालाच का? महागडी शिकवणी लावलेल्या शहरी मुलाला असे कोणी विचारीत नाही. सरकारी महाविद्यालयात दोघेही लोकांच्याच पैशावर शिकतात. मग ऋणही दोघांचे सारखेच! मदत करणाऱ्याने हात द्यावा. दावे बांधू नये. तो परतला तर आनंदच, पण आपल्या मनाने.