गोंधळाची ओढ: मोह की स्मरण?

लग्नानंतर तुळजाभवानीचा गोंधळ घालणे हा अनेक घराण्यांचा कुळाचार आहे. धाराशिव जिल्ह्यात संबळ-तुणतुणे आजही वाजते. तरी वयस्कर माणसे तारुण्यातल्या, रात्रभर रंगलेल्या गोंधळासाठी हळहळतात. गाणे हरवलेले नसते. ते जागून ऐकणारे वय आणि शेजारी बसणारी माणसे सरलेली असतात. १९९३च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागातील काही गावे नव्या जागी वसली. तिथे तर जुने अंगणही उरले नाही.

ही ओढ मोह मानावी का? पतंजली स्मृतीला पाच चित्तवृत्तींत धरतात आणि वृत्तींच्या निरोधालाच योग म्हणतात. नवविधा भक्तीत मात्र स्मरण तिसरे आहे. इथे भक्तीचीच दृष्टी अधिक खरी वाटते, कारण गोंधळात देवतांना दर वेळी नव्याने बोलावले जाते आणि आजोबांच्या आठवणीतला गोंधळ नातवाच्या लग्नात पुन्हा घालता येतो.