स्वस्थ बसण्याचा अधिकार

आपल्या शिक्षित मध्यम वर्गास विश्रांतीचा मनापासून उपभोग घेतां येत नाहीं, हें थोडें चमत्कारिक दिसलें तरी खरें आहे. चार दिवसांची सुटी मिळाली तर तीहि आपण कांहीं तरी सबब पुढें करूनच घेतों. प्रकृतीस हवापालट हवा होता, मुलांच्या ज्ञानांत भर पडेल, परत आल्यावर काम अधिक जोमानें होईल, असें कांहीं सांगितल्यावांचून आपलें समाधान होत नाहीं. जणूं स्वस्थ बसणें हा एक अपराध असून त्याबद्दल जामीन देणें अवश्य आहे! विश्रांति ही केवळ पुढील श्रमाची तयारी आहे, कीं तिला स्वतःचें असें कांहीं मोल आहे, या प्रश्नाचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

आम्ही राहतों तें टेमघर भिवंडीच्या लगतचें. शहाड येथें उल्हास नदींतून उचललेलें पाणी टेमघरास शुद्ध होतें आणि तेथून भिवंडी, ठाणें, मीरा-भाईंदर या शहरांकडे जातें. भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट रात्रीं देखील थांबत नाहीं. अशा ठिकाणीं प्रत्येक वस्तूचें मूल्य तिच्या उपयोगावरून ठरावें आणि नदीकडे केवळ पाण्याचा सांठा म्हणून पाहिलें जावें, हें साहजिक आहे. परंतु तीच नदी पुढें रुंदावत खाडी होते आणि समुद्रास मिळते. त्या देखाव्याची नोंद कोणत्याहि मीटरावर होत नाहीं. ज्याची नोंद होत नाहीं तें निरुपयोगी, असें म्हणावयाचें काय?

गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतांनीं एक सबंध दिवस घारापुरीच्या बेटावर घालविला. निघण्यापूर्वीं सौभाग्यवतींनीं एकच अट घातली. त्या म्हणाल्या, "अहो, डबा घ्यायचा नाहीं. चार वाजतां उठून मी पोळ्या लाटीत बसलें, तर सुटी तुमची एकट्याचीच झाली." अट मान्य झाली. अपोलो बंदरावरून लाँचनें तासाभराचा प्रवास. मागें घिरट्या घालणारे समुद्रपक्षी. बेटाच्या कडेस तिवरांची झाडी आणि ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणारे निवटे. लेणीं पाहिलीं, नंतर आंबा, चिंच, करंज यांच्या सावलींतून वाट नेईल तिकडे हिंडलों, आणि दुपारीं एका साध्या खानावळींत भाकरी व मासळी खाल्ली. या दिवसाचा उपयोग काय, असें कोणी विचारल्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. आणि उत्तर असावें असेंहि वाटत नाहीं.

कारण उपयोग हा नेहमीं दुसऱ्या कशासाठीं तरी असतो. काम पैशासाठीं, पैसा संसारासाठीं, संसार सुखासाठीं. ही सांखळी कोठें तरी थांबलीच पाहिजे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत असें प्रतिपादिलें आहे कीं, मनुष्य ज्याप्रमाणें शांततेसाठीं युद्ध करतो, त्याप्रमाणेंच निवांतपणासाठीं श्रम करतो. इंग्रजी 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला, त्याचा मूळ अर्थहि निवांतपणा असाच आहे. शिवाय, विश्रांति ही जर केवळ कामाची मजुरी मानली, तर ज्यास काम मिळालें नाहीं किंवा ज्याच्या हातून तें होत नाहीं, त्या बेकारास, वृद्धास आणि रोग्यास तिच्यावर हक्कच उरत नाहीं. हा निष्कर्ष कोणाहि सहृदय मनुष्यास मान्य होणार नाहीं.

घारापुरीच्या मुख्य लेण्यांत रावण कैलास हालवीत असल्याचें एक शिल्प आहे. तें आज बरेंच भग्न झालें आहे. उत्तरकांडांतील कथेप्रमाणें, पुष्पक विमानांतून जाणाऱ्या रावणास त्या पर्वतापाशीं अडविण्यांत आलें, कारण वर शिवपार्वती क्रीडेंत मग्न होतीं. रावणानें संतापून पर्वतच उचलूं पाहिला. शिवानें पायाचा अंगठा दाबला आणि रावणाचे हात खालीं चिरडले. कथेचा हेतु शिवाचा महिमा सांगणें हा खराच. पण तींत मनुष्यस्वभावाचें एक मर्महि आहे. ज्यास स्वतःची घाई सर्वांत मोठी वाटते, त्यास दुसऱ्याचा निवांतपणा हा आपल्या वाटेंतील डोंगर वाटतो.

येथवर विश्रांतीची बाजू बळकट झाली. परंतु खरी अडचण पुढेंच आहे. ॲरिस्टॉटलच्या नगरांतील निवांतपणा गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि त्या गुलामगिरीचें समर्थन त्यानें स्वतः केलें. आपला निवांत दिवस तरी कोणाच्या खांद्यावर उभा असतो? लाँच चालविणारा, भाकरी थापणारी, ज्यांस पायऱ्या चढवत नाहींत त्यांस डोलींतून वर नेणारे, या सर्वांचा तो कामाचा दिवस. या बेटावरील गांवांत समुद्राखालून तार टाकून कायमची वीज आली ती २०१८ सालीं. तोंवर मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असतां ही वस्ती रात्रीं थोडा वेळ चालणाऱ्या जनित्रावर भागवीत होती. पाहुण्यांस जी शांतता रमणीय वाटली, तिच्यांत यजमानांची गैरसोय किती होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

मग अशा सुखाचा त्यागच करावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपण घरीं बसल्यानें डोलीवाल्यास विश्रांति मिळत नाहीं; त्याची मजुरी मात्र बुडते. या बाबतींत नारायण मेघाजी लोखंडे यांचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. 'दीनबंधु'च्या या संपादकांनीं १८८४ मध्यें मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि दीर्घ खटपटीनंतर १८९० च्या जूनमध्यें गिरण्यांस रविवारची सुटी मान्य करविली. इतरांची सुटी काढून घ्या, असें त्यांनीं म्हटलें नाहीं; ती कामगारांसहि द्या, असें म्हटलें.

तेव्हां आम्हांस कसोटी सुचते ती अशी: जो निवांतपणा आपण नावाड्यासाठीं, डोलीवाल्यासाठीं व आपल्याच घरांतील स्त्रीसाठींहि मनापासून इच्छितों, आणि ज्यासाठीं आपल्या पदरचें कांहीं सोडावयास तयार होतों, तोच नीतीस धरून आहे. पदरचें सोडावयाचें म्हणजे फार मोठें कांहीं नव्हे. मजुरींत घासाघीस न करणें, घरच्या कामांत वांटा उचलणें, हाताखालच्या मनुष्याच्या सुटीकडे कपाळास आठ्या न घालतां पाहणें. एवढें पाळणाऱ्या मनुष्यानें खुशाल झाडाखालीं स्वस्थ बसावें. त्यास कसलीहि सबब सांगण्याचें कारण नाहीं.