हात कुणाचा?

दरवर्षी प्रकल्पाच्या वह्या आणि वस्तू जमा होतात, तेव्हा आमच्या मनात एक प्रश्न येतो आणि आम्ही तो गिळून टाकतो. ही वस्तू या मुलाने केली आहे का? आम्ही विचारत नाही, कारण उत्तर आम्हाला ठाऊक असते.

आम्ही मुरूडच्या किनाऱ्यावरच्या उर्दू शाळेतले शिक्षक. सातवीला कला आणि कार्यानुभवाचे तासही आम्हीच घेतो. एका वर्षी आम्ही मुलांना राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा दाखवायला नेले आणि परत आल्यावर किल्ल्याची प्रतिकृती करून आणायला सांगितली. आठ दिवसांनी टेबल भरले. त्यातला एक किल्ला पाहून सगळेच थबकले. कापलेले बुरूज, रंगवलेले दगड, निळ्या कागदाचा समुद्र, समोर मधोमध भव्य दरवाजा. त्या मुलाचे अब्बा आखातात नोकरीला. अम्मीने पैसे देऊन तो करवून घेतला होता. शेजारी एका मुलीचा किल्ला होता. खाडीकाठच्या चिखलात भाताचा तूस कालवून केलेला, तरीही तडकलेला. तट पोफळीच्या विरीचा. विरी भिजवली की वाकते आणि वाळली की आकार धरते, हे तिने घरच्या वाडीत पाहिले होते. एक बुरूज कलला होता आणि दरवाजा समोरून दिसतच नव्हता.

आम्ही पहिल्याला अठरा गुण दिले, दुसरीला अकरा. अठरा गुणांचा किल्ला मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटावर गेला, पाहुण्यांना दिसेल असा. दुसऱ्या दिवशी मुलीने हळूच विचारले, "सर, मी स्वतः केला म्हणून कमी मिळाले का?"

त्या वेळी आम्ही काहीतरी सफाईबद्दल बोललो. रात्री मात्र लक्षात आले की, दरवाजा तिचाच बरोबर होता. जंजिऱ्याचा दरवाजा दुरून ओळखू येत नाही. होडी तटाजवळ पोचल्यावरच तो दिसतो आणि त्याच्या बाजूला पंजांत हत्ती पकडलेला तो दगडी वाघ. मुलीने होडीतून पाहिलेले हाताला आठवत होते. विकत आणलेल्या किल्ल्याने जंजिरा पाहिलाच नव्हता. मग आम्ही अठरा गुण कशाला दिले?

हाताने शिकणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. हस्तव्यवसाय हा शिक्षणाच्या मध्यभागी असावा, हे त्या आराखड्याचे सार. झाकिरसाहेबांना मात्र एक गोष्ट पक्की माहीत होती. प्रत्येक काम म्हणजे तालीम नव्हे. मुलाने हेतू धरावा, आखणी करावी, करावे आणि केलेले स्वतः तपासावे, तरच कामातून माणूस घडतो. विकतच्या वस्तूत यातले काहीच मुलाच्या वाट्याला येत नाही. पावती मात्र त्याच्या नावावर येते.

महाराष्ट्रात 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रकल्प, कृती, उपक्रम यांना गुण मिळू लागले. हेतू चांगलाच होता. पण गुण आले तसे दुकानही आले. 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा दुकानातले सामान बदलले, सवय बदलली नाही.

कुणी म्हणेल, आईबापांनी मदत केली तर गुन्हा काय? काहीच नाही. आजोबा नातवाला जाळ्याची गाठ दाखवतात, ती मदत. आजोबा गाठ मारून देतात आणि नातू ती आपली म्हणून आणतो, ती मदत राहत नाही. आणि कुणी म्हणेल, वेडेवाकडे काम डोक्यावर घ्यायचे का? तेही नाही. हुनर सफाई मागतोच. पण सफाई दहा वेळा चुकून येते, आणि पहिल्या चुकीलाच आम्ही अकरा गुणांची शिक्षा दिली तर दुसरी चूक करायला मूल कशाला धजेल?

खरा दोष त्या मुलाचा नाही, त्याच्या अम्मीचाही नाही. लेक मागे पडू नये म्हणून तिने परदेशातून आलेल्या पैशातून खर्च केला. दोष आमचा. आम्ही पाहिले, ओळखले आणि गप्प राहिलो. मूल खोटे बोलले नव्हते. त्याला कुणी विचारलेच नव्हते. आमच्या लाल पेनाने मात्र एका वर्गाला एकाच दिवशी दोन धडे दिले. एकाला कळले की पैशाने काम होते. दुसरीला कळले की खरेपणा सात गुणांना महाग पडतो. मुले ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे आपण भाषणांत म्हणतो. अमानतीत खयानत अशीही होते, शांतपणे, गुणपत्रकावर सही करून.

आता आम्ही वस्तू घरून मागवत नाही. जोडून दोन तास घेतो. करवंट्या, काथ्या, शिंपले, विरी, जुनी वर्तमानपत्रे मुलेच आणतात. वर्गात कचरा होतो, आवाज होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. वस्तू झाल्यावर मुलाने दोन गोष्टी सांगायच्या: कुठे चुकले, आणि कुणाची मदत घेतली. मदत सांगितली म्हणून गुण कापले जात नाहीत. कपाटावर ठेवण्यासारखे आता फारसे काही होत नाही, हेही खरे.

त्या मुलाने वर्गात पहिल्यांदा चिखल हातात घेतला तेव्हा बोटे आखडली होती. त्याचा बुरूज दोनदा पडला. तिसऱ्यांदा तूस कसा कालवायचा, हे त्याला त्याच मुलीने दाखवले.

तिचे अकरा गुण मात्र तसेच राहिले. निकाल लागून गेला होता. आम्ही वर्गासमोर तिची माफी मागितली. ती लाजली, म्हणाली, "असू दे, सर." तिने माफ केले. पण ज्यांनी विचारलेच नाही, अशी किती मुले आमच्या हाताखालून गेली, त्यांचा हिशेब आमच्याकडेच आहे.