गर्भिणीचा पहिला घास



प्रल्हादचरित्र लावले की एक प्रसंग हटकून येतो. कयाधू गर्भवती होती, नारदांनी तिला उपदेश केला, तो पोटातल्या जिवाने ऐकला आणि असुराच्या कुळात भक्त जन्मला. मंडळी माना डोलावतात, घरी जाऊन सुनेपुढे पोथी लावतात. उत्तम आहे. परंतु ह्या उपदेशाच्या आधी काय घडले, तिकडे आपले लक्ष जात नाही. भागवताच्या सप्तम स्कंधात ते आले आहे. हिरण्यकशिपू तपाला गेलेला, इंद्र कयाधूला धरून नेत होता आणि ती भयाने रडत होती. नारद आडवे आले. तिला सोडविले, आपल्या आश्रमात आणले आणि पती परत येईतो तेथे निर्भय ठेवले. आधी आसरा, आधी अभय, मग ब्रह्मज्ञान. हा क्रम ध्यानात धरा, आजचे सारे निरूपण त्याच्यावर आहे.

आपल्या पूर्वाचार्यांनी हेच निरनिराळ्या रीतीने सांगितले. सुश्रुत म्हणतात, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून ती दौहृदिनी, दोन हृदयांची झाली. चरकांनी दृष्टांत दिला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याचा. ते उचलणारा कसा जपून पाऊल टाकतो, तसे गर्भिणीला जपावे. आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथिभोजनाचा विचार आहे, तो तर आपण सर्वांनी ऐकण्यासारखा. अतिथी हा देव, यजमानाने त्याच्या मागून जेवावे. पण तेथेच अपवाद आहे: नवी सून, कुमारी, रोगी आणि गर्भिणी ह्यांना अतिथीच्याही आधी वाढावे, मागेपुढे पाहू नये.

आता आपले घर पाहा. पुरुष जेवले, पोरे जेवली, सासू जेवली; मग तळाशी उरलेली आमटी आणि गार भाकरी घेऊन सून चुलीपाशी बसते. सातवा महिना असला तरी तेच! वर कोणी म्हातारी सांगते, "फार खाऊ नकोस गं, मूल मोठं होईल, सुटका अवघड जाईल." बायांनो, हे शास्त्रातही नाही आणि वैद्यकातही नाही. पोटातल्या बाळाला तोंडाने जेवता येत नाही. आईच्या रक्तातले सत्त्व वारेतून आणि नाळेतून त्याला पोचते. शेवटच्या तीन महिन्यांत तर ते आईकडून लोह घेऊन साठवून ठेवते. कारण पुढले सहा महिने ते अंगावरच्या दुधावर राहणार, आणि दुधात लोह थोडे. वाटेची शिदोरी आधीच बांधून घेते म्हणा ना! आईच्याच अंगात रक्त नसेल तर शिदोरी कोठली बांधणार?

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर गर्भिणींपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा आईचे मूल दिवस भरण्याआधी येण्याचे, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे निपजण्याचे भय अधिक. आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तिचा स्वतःचा जीव टांगणीला लागतो. म्हणून डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध तिच्या पानात आधी पडावे. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळे होते म्हणून घाबरून फेकून देऊ नये. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र त्याहून आधीची. बाळाच्या कण्याची घडण गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत होऊन जाते, तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. तेव्हा मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारून ती सुरू करावी.

कोणी म्हणेल, "महाराज, माळकरी बाईला एकादशी मोडायला सांगता काय?" ऐका. नऊ महिन्यांत अठराएक एकादश्या येतात, शिवाय सोमवार, चतुर्थी, हरितालिका. कोणी तर पाणीही घेत नाही. साबुदाणा म्हणाल तर तो जवळजवळ निव्वळ पीठ. धर्मशास्त्राने गर्भिणीला उपोषणाऐवजी नक्ताची मोकळीक दिली आहे आणि प्रतिनिधीकडून व्रत करविण्याचीही. मग तिच्या वाटणीची एकादशी नवऱ्याने करावी! तिने जेवावे आणि नाम घ्यावे. नामाला उपाशी पोटाची अट कोठे आहे?

सोडायचेच असेल तर मिश्री सोडा. गळ्यात तुळशीची माळ आणि दातांना जाळलेली तंबाखू, हे कसे शोभते? मुंबईत गर्भिणींची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अडीच किलोच्या जिवाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे.

आणि पुरुषहो, घरात दारू, शिवीगाळ, हात उगारणे चालले असेल तर गर्भसंस्काराची पोथी कपाटात ठेवा. आधी इंद्र व्हायचे थांबा, मग नारदांचे नाव घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. त्या दिवशी तिला एकटी धाडू नका, बरोबर जा. रक्त जाणे, हातातोंडावर सूज, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर अंगारा लावीत बसू नये, तत्काळ दवाखाना गाठावा.

ह्या वर्षी वारी चुकेल म्हणून हुरहूर वाटते? पुंडलिकाने काय केले ते आठवा. आईबापांची सेवा चालू होती, म्हणून दारी आलेल्या देवाला वीट दिली आणि थांबविले. देव रागावला नाही, आजवर उभा आहे. तुमच्या घरी एक आई घडते आहे, तिची सेवा पुरी करा. जिला आपण माउली म्हणतो, ती विठाई थांबेल. पुढल्या वर्षी ते लेकरू कडेवर घेऊन या.

आज रात्री पान मांडाल तेव्हा पहिला घास तिचा.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!