कोरडवाहू वचन

सावकाश वाचा. घाई असेल तर राहू द्या, रात्री जेवणं आटोपल्यावर बसा.

आधी एक म्हातारा डोळ्यांसमोर आणा. वय पंच्याहत्तर, मूलबाळ नाही. अब्राहाम शखेमजवळ पोचला आहे आणि परमेश्वर त्याला सांगतो, हा देश मी तुझ्या संततीला देईन. पुढची दोन-तीन वाक्यं होतात न होतात, तोच त्या देशात दुष्काळ पडतो. जमीन मिळायची आहे तो माणूस पोटामागे मिसरात निघतो. बायबलातल्या उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात हे सगळं इतकं लागून आलं आहे की वाचणारा सहज पुढे सरकतो. तुम्ही सरकू नका. १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या गोष्टी वऱ्हाडात ज्यांनी घरात ऐकल्या, त्यांना हे निघणं कळेल.

आता बरीच वर्षं पुढे या. सारा वारली आहे. सगळा देश कबूल झालेल्या माणसाकडे बायकोला पुरायला हातभर जागा नाही. हेब्रोनच्या वेशीत, हित्ती लोकांसमोर तो उभा राहतो आणि म्हणतो, मी तुमच्यात परका आहे. एफ्रोन शेत फुकट देऊ करतो. अब्राहाम ऐकत नाही. चारशे शेकेल रुपं सगळ्यांदेखत तोलून देतो. मग मजकूर खरेदीखतासारखा चालू लागतो: मकपेलाचं शेत, त्यातली गुहा, चतुःसीमेच्या आतली सगळी झाडं. झाडंसुद्धा सोडलेली नाहीत. वचन देवाचं, पण व्यवहार साक्षीदारांपुढे आणि रोखीचा. मला अब्राहाम इथे सगळ्यात जास्त आवडतो.

इथे हवं तेवढं थांबा.

मग अनुवाद या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढा. मिसरातून बाहेर काढलेल्या अब्राहामाच्या वंशजांना मोशे यार्देन नदीच्या अलीकडे सांगतो आहे की समोरचा देश मिसरासारखा नाही. तिथे बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी द्यायचात. इथली जमीन आभाळाचं पाणी पिते. पेरणीला आगोटीचा पाऊस, पीक भरताना वळवाचा. म्हणजे मिळणार ती कोरडवाहू! ओलिताची जमीन सोडून आलेल्यांना हे ऐकून कसं वाटलं असेल, ते मोशे सांगत नाही. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात उभं राहून ते वाचा. विहिरीचं पाणी खारं, माती काळी आणि भारी, वर पाहण्यावाचून गत्यंतर नाही. मिरगाने दगा दिला की दुबार पेरणी. हस्ताने दिला की पऱ्हाटीची बोंडं भरत नाहीत. मोशे म्हणतो, या जमिनीवर वर्षाच्या आरंभापासून अखेरीपर्यंत देवाची नजर असते. लगेच पुढे हेही, की वाकड्या वाटेने गेलात तर आभाळ बंद. दिलेली जमीन दरवर्षी नव्याने मागायची, असा हा करार आहे. लेवीयात तर साफच म्हटलं आहे: जमीन देवाची, तुम्ही तिच्यावर उपरे, कायमची विकायची नाही.

एक गोष्ट टोचू द्या. त्या देशात आधीपासून लोक होते. न बांधलेली घरं, न खोदलेल्या विहिरी, न लावलेले द्राक्षमळे मिळतील, असं मोशेच सांगतो. म्हणजे ते कुणीतरी बांधलं, खोदलं, लावलं होतं. मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या गावांच्या शेजारी राहणाऱ्याने हे वाचताना डोळे मिटून घेऊ नयेत. धर्मग्रंथ म्हणून ते सोपं होत नाही.

शेवटी मोशेनंतरच्या पुढाऱ्याचं, यहोशवाचं पुस्तक. तेराव्या अध्यायात देव म्हाताऱ्या यहोशवाला म्हणतो, पुष्कळ प्रदेश घ्यायचा राहिला आहे. एकविसाव्यात लिहिलं आहे की दिलेल्या वचनांतलं एकही वाया गेलं नाही, सगळी पुरी झाली. पुस्तक एकच, मध्ये फक्त सात अध्याय. कुणी त्यांची सांधेजोड करून दिली तर आज ऐकू नका. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा आणि तुमच्या वावरापुरतं विचारा: मिळालं किती, आणि राहिलं किती?