ताराबाईचा उत्तरार्ध

एखाद्या स्त्रीनें रणांगणावर पराक्रम केला म्हणजे तिची स्तुति करण्याचा आपल्याकडे एक ठराविक प्रकार आहे. ‘ती पुरुषासारखी लढली’ असें आपण म्हणतों, आणि तिला मोठाच मान दिला अशा समजुतीनें स्वस्थ बसतों. हा मान खरोखर कोणास मिळाला, तिला कीं पुरुषांस, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पुरुष भ्याला तर त्याला बांगड्या भरावयास सांगावयाचें, आणि स्त्री शूर निघाली तर तिला मर्दानी म्हणावयाचें, या हिशेबाच्या रीतींत शौर्य कोणाच्याही हातून घडो, जमा पुरुषाच्याच खातीं होतें.

वाद जुना आहे. स्त्रियांनाही राज्यरक्षणाचें व युद्धाचें शिक्षण द्यावें, असें प्लेटोनें ‘रिपब्लिक’च्या पांचव्या भागांत प्रतिपादिलें. त्याच्याच शिष्यानें, अ‍ॅरिस्टॉटलनें, पुरुषाचें धैर्य आज्ञा करण्यांत व स्त्रीचें ती पाळण्यांत दिसतें, असा भेद केला. जगानें मानलें अ‍ॅरिस्टॉटलचें. अडचणीच्या वेळीं मात्र प्लेटोचा आश्रय केला, आणि अडचण टळतांच त्याला पुनः कपाटांत ठेवलें. महाराणी ताराबाईच्या चरित्रांत आम्हांस हेंच दिसतें.

मार्च १७०० मध्यें सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तेव्हां सेनापति हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी अवघी २५ वर्षांची होती. संभाजी महाराजांचा वध १६८९ सालींच झालेला. त्यांचे पुत्र शाहू मोंगलांच्या कैदेंत. ताराबाईनें आपला लहान मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून कारभार हातीं घेतला. समोर ऐंशी उलटलेला औरंगजेब जातीनें किल्ले घेत फिरत होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे गड एकामागून एक त्याच्या हातीं गेले. पुष्कळ ठिकाणीं तोफेपेक्षां थैलीनेंच काम केलें. परंतु ताराबाई गेलेल्या गडांसाठीं रडत बसली नाहीं. बादशहा एखाद्या गडाच्या पायथ्याशीं पावसाळ्याच्या चिखलांत रुतलेला असावा, आणि मराठी फौजा दूर माळव्यांत व गुजराथेंत शिरून त्याच्या मुलुखांतून पैसा उभा करीत असाव्यात, असा तो क्रम सात वर्षें चालला. तिच्या बुद्धीची व कारभाराची तारीफ शत्रुपक्षाच्या खाफीखानासही करावी लागली. १७०७ सालीं औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. यांत ताराबाईची तलवार किती चालली हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. कोणत्या सरदारास कोठें पाठवावयाचें व कोणता गड जाऊं द्यावयाचा, हें ठरविण्यास जें धैर्य लागतें, तें तिच्यापाशीं होतें.

येथवर तिच्याविषयीं मतभेद नाहीं. तो पुढें सुरू होतो. शाहू महाराज सुटून आले. ताराबाईनें त्यांचा हक्क मानला नाहीं. आपण राखलेलें राज्य आपल्या मुलाचें, हें तिचें म्हणणें. १७०७ च्या ऑक्टोबरांत खेडच्या लढाईंत तिचा पराभव झाला. तिनें कोल्हापूरकडे वेगळी गादी चालविली, तर १७१४ सालीं तिची सवत राजसबाई हिच्या पक्षानें तिलाच कैदेंत घातलें. पुढें ७५ व्या वर्षीं, १७५० सालीं, तिनें रामराजास सातारच्या किल्ल्यांत अटकेंत ठेवून पेशव्यांशीं दावा मांडला.

या भागाशीं आले म्हणजे आमच्या इतिहासकारांचे शब्द बदलतात. पहिल्या सात वर्षांतला करारीपणा येथें हट्ट होतो, धोरणाचें कारस्थान होतें, आणि राज्याची चिंता ती सत्तेची हांव ठरते. आम्हीही वर्गांत कित्येक वर्षें हेंच सांगत आलों. एकदां मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, एखाद्या सरदारानें आपल्या मुलाचा हक्क असाच सोडला नसता, तर आपण त्याला हट्टी म्हटलें असतें का?” आम्हीं तेव्हां कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. त्या उत्तराची आम्हांस अजून लाज वाटते.

याचा अर्थ तिचें सगळेंच क्षम्य आहे असा नव्हे. रामराजा हा आपला नातू, असें तिनेंच प्रथम सांगितलें. आणि १७५२ सालीं जेजुरीस खंडोबापुढें, तो आपला नातू नव्हे अशी तिनेंच शपथ घेतली. दोहोंपैकीं एक वचन खोटें होतें, आणि त्याचें प्रायश्चित्त छत्रपतींच्या गादीला भोगावें लागलें. हा दोष लहान नाहीं. पण तो राजकारण करणाऱ्या माणसाचा दोष आहे. बाईच्या जातीचा नव्हे. राघोबादादाच्या वर्तनावरून पुरुषजातीविषयीं कोणी सिद्धांत काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

झांशीच्या राणीची गोष्ट येथें कोणी पुढें करील. तीही दत्तक मुलाच्या गादीच्या हक्कासाठींच उभी राहिली होती; परंतु तिच्यासमोर कंपनी सरकार होतें, ताराबाईसमोर घरचेच लोक होते, आणि हा भेद आम्ही विसरत नाहीं. तथापि दुसराही एक भेद आहे. राणी १८५८ च्या जूनमध्यें ग्वाल्हेरीस पडली. फ्रान्सची जोन १४३१ सालीं, सुमारें १९ व्या वर्षीं, जाळली गेली. पुरुषी पोशाख हाही तिच्यावरील आरोपांत होता. १४५६ सालीं तो निकाल रद्द झाला, आणि १९२० सालीं तिला संतपद मिळालें. या दोघींनाही म्हातारपण आलें नाहीं. युद्ध संपल्यावर त्यांनीं कोणाकडे कांहीं मागितलें नाहीं, कारण मागावयास त्या उरल्या नव्हत्या. ताराबाई उरली. पानिपत होऊन गेल्यावर, १७६१ च्या डिसेंबरांत ती वारली, तेव्हां ती ८६ वर्षांची होती.

कोल्हापुरांत तिचा पुतळा आहे; तो घोड्यावर बसलेल्या ताराबाईचा. सातारच्या किल्ल्याचे दरवाजे लावून पेशव्यांच्या माणसांची वाट पाहणारी ती पांढऱ्या केसांची बाई कशी दिसत असेल, याचें चित्र आम्हीं पुष्कळदां मनाशीं काढूं म्हटलें, पण तें अद्याप डोळ्यांपुढें नीट उभें राहत नाहीं.